मेल येतात, पण जात नाहीत?

मेल येतायत म्हणजे इंटरनेट ठीक आहे, आणि पासवर्डही बहुधा बरोबर आहे. म्हणून खातं काढून पुन्हा टाकायची घाई करू नकोस. पॉप (मेल सर्व्हरवरून मशीनवर उतरवून घ्यायची पद्धत) वापरत असशील तर जुने मेल फक्त तुझ्याच मशीनवर असू शकतात, खात्याबरोबर तेही पुसले जाऊ शकतात. येणाऱ्या आणि जाणाऱ्या मेलचे सर्व्हर वेगळे असतात. तुझा घोळ जाणाऱ्या बाजूला, म्हणजे एसएमटीपीत (मेल पाठवायच्या यंत्रणेत) आहे.

आधी आउटबॉक्स उघड. तिथे एखादा जड अटॅचमेंटवाला मेल अडकलेला असेल तर तो ड्राफ्टमध्ये हलव आणि स्वतःलाच एका ओळीचा मेल पाठवून बघ. जीमेलमध्ये अटॅचमेंटची मर्यादा २५ एमबी आहे, त्याहून मोठी फाइल अडते.

तरी जात नसेल तर मेल प्रोग्रॅमच्या सेटिंगमध्ये जाणाऱ्या सर्व्हरचा पोर्ट (सर्व्हरशी कुठल्या दाराने जोडायचं तो आकडा) बघ. बहुतेक चुका इथेच सापडतात. २५ असेल तर बदल, कारण बरेच इंटरनेट पुरवठादार स्पॅम रोखायला तो बंद ठेवतात. ५८७ टाकलास तर सुरक्षेत स्टार्टटीएलएस निवड, ४६५ टाकलास तर एसएसएल/टीएलएस. या जोड्या उलटसुलट झाल्या की प्रोग्रॅम नुसता फिरत बसतो आणि शेवटी टाइमआउट दाखवतो.

पासवर्ड नाकारला असा एरर आला तर गोष्ट वेगळी. थंडरबर्ड या मेल प्रोग्रॅममध्ये जाणाऱ्या सर्व्हरचं ऑथेंटिकेशन (ओळख पटवायची पद्धत) स्वतंत्रपणे निवडावं लागतं. जीमेलसाठी तिथे ओऑथ२ (गूगलच्या लॉगिन पानावरून परवानगी घेणारी पद्धत) ठेव.

एवढं करून अडलंच, तर एररचा मजकूर जसाच्या तसा पाठव. ‘मेल जात नाही’ एवढ्यावरून मला काही कळणार नाही. एररमध्ये ५३५ की ५५० हा आकडा दिसला तरी बरंच कळतं.