आधी एक चकली तळून पाहावी

समुपदेशक म्हणून डिझाइन शिकणाऱ्या मुलामुलींकडून मी वारंवार ऐकते ती चिंता अशी : ‘माझ्यात मुळात कल्पकताच नाही, मी चुकीच्या शाखेत आले.’ प्रॉडक्ट डिझाइनच्या दुसऱ्या वर्षाला असलेली एक विद्यार्थिनी हीच चिंता घेऊन माझ्याकडे आली. (तिची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) वृद्धांसाठी गोळ्यांची डबी तयार करण्याचा प्रकल्प तिला मिळाला होता. संगणकावर तिने एक देखणे चित्र पूर्ण केले होते. परंतु त्यात चूक निघाली तर आपण नालायक ठरू, असे मनाने घेतल्यामुळे ते शिक्षकांना दाखवण्याचे धाडस तिला होत नव्हते आणि रात्र-रात्र जागून ती स्केचबुकाची पाने फाडत होती. घरी फोन करणेही तिने बंद केले होते.

अशा वेळी ‘तू हुशार आहेस, जमेल तुला’ असे म्हणण्याचा फारसा उपयोग होत नाही, असे माझे मत आहे. त्यापेक्षा ती व्यक्ती चुकांना न घाबरता जे काम करते, ते शोधलेले बरे. बोलता बोलता कळले, की दिवाळीत घरच्या चकल्या आजीच्या देखरेखीखाली तीच करते. ते काम मी तिला सविस्तर सांगायला लावले.

४ वाट्या तांदूळ, २ वाट्या हरभऱ्याची डाळ, १ वाटी उडदाची डाळ आणि धणे-जिरे वेगवेगळे भाजून दळायचे, इथून तिने सुरुवात केली. पीठ मळून झाले, तरी सगळा घाणा एकदम कढईत सोडायचा नाही. आधी एकच चकली तळायची. सोऱ्यातून पाडतानाच ती तुटली, तर पीठ घट्ट झाले असे समजून पाण्याचा हात लावून पुन्हा मळायचे. तेलात विरघळू लागली, तर मोहन जास्त झाले म्हणून थोडी कोरडी भाजणी मिसळायची. बाहेरून लाल होऊन आतून मऊ राहिली, तर पिठाला हात न लावता फक्त आच कमी करायची. आजोबांना कवळी असल्यामुळे त्यांच्या वाटणीच्या पिठात मोहन किंचित जास्त घालते, हेही तिने सहज सांगितले.

“पहिली चकली तुटली, तर आपल्याला स्वयंपाक येत नाही असे तुला वाटते का?” मी विचारले.

“नाही हो मॅडम, ती त्यासाठीच तर तळतात.”

प्रकल्पात तिने नेमकी हीच पायरी गाळली होती. संगणकावरचे चित्र तिने थेट अंतिम म्हणून रंगवले होते, त्यामुळे त्यातली प्रत्येक उणीव तिला स्वतःची उणीव वाटत होती. एका वेळी एकच गोष्ट बदलून परिणाम पाहणे आणि खाणाऱ्याच्या दातांचा विचार करणे, या दोन्ही सवयी तिच्या हाताला होत्या. त्यांना ती डिझाइन मानत नव्हती, इतकेच.

“पण हे घरकाम झाले,” असे ती म्हणाली. तेव्हा मी तिला चार्ल्स आणि रे इम्स या अमेरिकन डिझायनर दांपत्याच्या १९५८ च्या अहवालाची आठवण करून दिली. भारत सरकारसाठी लिहिलेल्या आणि १९६१ मध्ये अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहण्यास आधार ठरलेल्या त्या अहवालात त्यांनी आपल्या साध्या लोट्याचा गौरव केला आहे. लोट्यात पाणी किती मावावे, तो डोक्यावर, कमरेवर की हातात न्यायचा, भरलेला आणि रिकामा असताना तोल कसा राहतो, असे प्रश्न त्यांनी मांडले आणि तो कुणा एका माणसाने नव्हे, तर अनेक पिढ्यांनी घडवला, असे नोंदवले. चकलीचे प्रमाणही असेच घडले असणार. म्हणूनच एक फरक विद्यार्थ्यांना स्पष्ट सांगायला हवा : चकलीमागे पिढ्यांचा अनुभव आहे, नव्या डबीमागे तो नाही, त्यामुळे तिथे पहिले नमुने जास्त फसणार.

पुढच्या भेटीआधी पुठ्ठ्याची एक कच्ची डबी करून शेजारच्या एखाद्या आजींच्या हाती द्यावी आणि आपण गप्प बसून पाहावे, एवढेच काम मी तिला दिले. त्या आजींच्या सुजलेल्या बोटांना झाकणाची खाच सापडेना. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, वारांप्रमाणे केलेले कप्पे त्यांना नको होते. त्या गोळ्या ‘जेवणाआधीची’ आणि ‘जेवणानंतरची’ अशा ओळखत होत्या. ही गोष्ट संगणकावरच्या चित्राने तिला कधीच सांगितली नसती.

त्यानंतरचे नमुने तिने न फाडता, प्रत्येकावर काय बिघडले ते लिहून जपून ठेवले आणि अंतिम सादरीकरणात परीक्षकांसमोर ते सारे मांडले. झाकणाच्या बिजागरीवर टीका झाली, ती तिने वहीत उतरवून घेतली. रेखाटनाचा हात अजून कच्चा आहे आणि त्याला रोजच्या सरावावाचून दुसरा उपाय नाही, हे मी तिला सांगितले आहे. झोप पूर्ववत व्हायला वेळ लागत असल्याने आमच्या भेटी अजून चालू आहेत. घरी फोन करणे मात्र तिने पुन्हा सुरू केले आहे.