पाणी निवळलं, गाळाचं काय?

२५ जुलै २०२० रोजी 'वाकाशिओ' हे मालवाहू जहाज मॉरिशसच्या आग्नेय किनाऱ्यावर प्वांत देस्नीजवळ प्रवाळभिंतीवर चढलं. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात त्याची टाकी फुटली आणि सुमारे १,००० टन इंधन आतल्या उथळ लगूनमध्ये, म्हणजे प्रवाळभिंत आणि किनारा यांच्यामधल्या पाण्यात, पसरलं. त्याविषयी लिहिलेल्या लेखावर आलेल्या प्रश्नांपैकी काहींना आज उत्तरं देतो.

माझं आजोळ माहेबूरजवळ. तेव्हा आम्ही सगळ्यांनी उसाचं पाचट पिशव्यांत भरून तरंगते बांध केले होते. आता पाणी पुन्हा निळंशार आहे. तेल गेलं असं समजायचं का? (एक वाचक, मॉरिशस)

पाण्यावरचं गेलं, असं म्हणूया. तुम्ही पाचटाचे बांध घातलेत त्यानं बरंच तेल अडलं, त्या कष्टांचं मोल मोठं आहे. तवंगातला हलका भाग पहिल्या काही दिवसांतच उडून जातो. उरलेला जड भाग मातीच्या बारीक कणांना चिकटतो आणि तळाशी बसतो. जिथे लाटा वाळू सतत हलवत राहतात, तिथून तो लवकर निघून जातो. कांदळवनात मात्र लाट पोहोचत नाही, चिखल बारीक असतो आणि वरच्या काही मिलिमीटरखाली प्राणवायूच नसतो. तेल खाणारे जिवाणू समुद्रात असतात, पण त्यांना भराभर काम करायला प्राणवायू, नत्र आणि स्फुरद लागतं. लोणच्यावर तेलाचा थर देऊन आपण हवा अडवतो आणि फोडी टिकवतो. इथे चिखल हवा अडवतो आणि तेल टिकवतो.

गळतीनंतर सुमारे अडीच वर्षांनी तिथल्या कांदळवनाच्या गाळात या जहाजाच्या तेलाचे अंश सापडले आहेत. याहून लांबचं उदाहरण अमेरिकेतलं आहे. सप्टेंबर १९६९ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या वेस्ट फाल्मथजवळ एक तेलवाहू बार्ज (सपाट तळाची मालवाहू नौका) फुटली. तीस वर्षांनी तिथल्या खाऱ्या दलदलीचा गाळ तपासला, तर साधारण ६ ते २८ सेंटिमीटर खोलीवर तेल होतंच. तिथले खेकडे त्या थरापर्यंत बिळं नेतच नव्हते, वरच्यावर खणून थांबत होते. मला ही गोष्ट कुठल्याही आलेखापेक्षा जास्त बोलकी वाटते. म्हणून सांगतो, पाण्याच्या रंगावर जाऊ नका. कांदळवनातल्या गाळाचे नमुने दरवर्षी, त्याच जागांवरून घेतले जावेत, असा आग्रह गावानं धरावा.

गाळातलं तेल त्याच जहाजाचं, हे कसं ओळखतात? (रसायनशास्त्राची विद्यार्थिनी, पुणे)

कच्चं तेल ज्या सजीवांपासून बनलं त्यांच्या खुणा त्यात राहतात. होपेन आणि स्टेरेन ही संयुगं जिवाणूंना सहजासहजी पचत नाहीत, आणि त्यांचं आपसातलं प्रमाण तेलागणिक वेगळं असतं. जहाजाच्या टाकीतला नमुना आणि गाळातला नमुना गॅस क्रोमॅटोग्राफ व मास स्पेक्ट्रोमीटर या मिश्रणातली संयुगं वेगळी करून ओळखणाऱ्या यंत्रांवर शेजारी शेजारी ठेवून पाहतात. दुसरा प्रश्न असतो, गाळातली बहुचक्री सुगंधी संयुगं (कार्बनची चक्रं एकमेकांना जोडून बनलेली; 'सुगंधी' हे रसायनशास्त्रातलं नुसतं नाव) सांडलेल्या तेलातली की लाकूड, कोळसा, डिझेल जळून आलेली? तेलात या चक्रांना कार्बनच्या छोट्या शाखा जोडलेल्या पुष्कळ असतात. ज्वलनातून येणाऱ्यांत बिनशाखांची जास्त.

२०१० साली मुंबई बंदराजवळ दोन जहाजांची टक्कर झाली, तेव्हा आमच्याकडे तेल आलं होतं. आजही चिखलात पाय रुतला की रंगीत तवंग उठतो. ते तेच तेल ना? (उरण)

'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया' यांची ती टक्कर ७ ऑगस्ट २०१० ची, तेल सुमारे ८०० टन सांडलं होतं. पण प्रत्येक चकाकी तेलाची नसते. आधी एक साधी परीक्षा करा. काडीनं तवंग ढवळा. काचेसारखे कोनदार तुकडे पडले आणि ते वेगळेच राहिले, तर तो लोह खाणाऱ्या जिवाणूंचा पापुद्रा, निसर्गातलाच. काडी काढताच रंग पुन्हा एक झाले, तर तेल. काळा चिखल आणि सडक्या अंड्याचा वास एवढ्यावरून तेल म्हणू नका, खाजणात तो नेहमीचाच. आणि तेल ठरलं तरी ते २०१० चंच असेल असं नाही. होड्यांच्या इंजिनातून रोज थोडं थोडं गळतं, तेही इथेच साचतं. कुणाचं ते वरच्या उत्तरातल्या तपासणीशिवाय कळणार नाही.

अशा ठिकाणचे मासे आणि तिसऱ्या खाव्यात का? (रत्नागिरी)

दोन्हींना एकच उत्तर नाही. माशाचं यकृत तेलातली ही बहुचक्री संयुगं बऱ्यापैकी मोडून बाहेर टाकतं. तिसऱ्या, कालवं, शिंपले यांना ते नीट जमत नाही. शिवाय ते पाणी गाळून जगतात आणि एका जागी बसून असतात, त्यामुळे त्यांच्या मांसात ती साठत जातात. स्वच्छ पाण्यात ठेवले तर काही आठवड्यांत बरंच कमी होतं, पण खालचा गाळच तेलकट असेल तर ते पुन्हा पुन्हा भरत राहतं. धुऊन, उकडून ही संयुगं जात नाहीत. वास येत नाही म्हणजे नाहीत, असंही नाही. तेल सांडलेल्या चिखलातल्या तिसऱ्या, तपासणीचा अहवाल हाती येईपर्यंत, मी तरी घरी आणणार नाही.

मग जेसीबी लावून तो गाळच उपसून टाकला तर? (अलिबाग)

घाई करू नका. मार्च १९७८ मध्ये फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्यावर 'अमोको कादिझ' हे तेलवाहू जहाज फुटलं, तेव्हा इल ग्रांद इथल्या खाऱ्या दलदलीतून तेलाबरोबर मातीचा जाड थरही यंत्रांनी खरवडून काढला. खरवडलेली जागा भरून यायला न खरवडलेल्यापेक्षा जास्त वर्षं लागली. झाडाची मुळं, बिया, जमिनीची उंची सगळंच त्या मातीबरोबर गेलं होतं. कांदळवनात नुसती माणसं चालली तरी वरचं तेल पावलागणिक खाली दाबलं जातं. जायचंच तर फळ्या टाकून, भरती-ओहोटी पाहून, मोजक्या माणसांनी जावं. वरवर साचलेलं दाट तेल शोषक कापडानं किंवा कमी दाबाच्या पाण्यानं काढावं. मुळांत मुरलेल्या तेलाला तिथेच राहू द्यावं आणि त्या जागेवर दरवर्षी लक्ष ठेवावं.