व्हिटॅमिन डी बाइंडिंग प्रोटीनचा एलायझा: ओडी वर गेला म्हणून किट खराब नसतं

परभणीच्या ताई व्हिटॅमिन डी वाहून नेणारं हे प्रोटीन एलायझाने, म्हणजे अँटिबॉडी वापरून रंगाच्या तीव्रतेवरून, मोजतायत. त्यांचा प्रश्न थोडक्यात असा: सीरम (रक्ताचा पेशी काढलेला पातळ भाग) शंभरपट पातळ करूनही सगळ्या नमुन्यांचा ओडी (रंगाच्या तीव्रतेचा आकडा) सर्वात वरच्या, मिलिलिटरमागे २५० नॅनोग्रॅमच्या स्टँडर्डच्या (माहीत प्रमाणाच्या नमुन्याच्या) पुढे जातोय, तर किट बदलून मागवावं का?

ताई, स्टँडर्ड कर्व्ह, म्हणजे स्टँडर्डवरून काढलेला आलेख, नीट आलाय म्हणता ना? मग किटला बोल लावू नका. हे प्रोटीन रक्तात भरपूर असतं, ढोबळमानाने मिलिलिटरमागे २०० ते ६०० मायक्रोग्रॅम. ३०० धरलं तरी ते ३ लाख नॅनोग्रॅम झाले. शंभरपट पातळ केल्यावर ३,००० उरतात. ते २५० च्या कर्व्हमध्ये मावणार कसे?

१० मायक्रोलिटर सीरम ४९० मायक्रोलिटर बफरमध्ये (पातळ करायच्या द्रावणात) टाका, नीट मिसळा, टिप बदला, आणि त्यातलं १० पुन्हा नव्या ४९० मध्ये. झालं २,५०० पट, आणि ३०० वाला नमुना १२० वर येतो. एका दमात पातळ करायचं म्हणून १ मायक्रोलिटर उचलू नका. टिपेच्या बाहेरून चिकटलेलं सीरमच तेवढं भरतं. काही नमुने ५,००० पटीलाही लावा. गुणून काढलेली दोन्ही उत्तरं जवळपास जुळली पाहिजेत. नाही जुळली तर दोन्ही आकडे बाजूला ठेवा.

आता आपल्याकडचा उन्हाळा. किटच्या कागदावरचं 'रूम टेंपरेचर' बहुधा २०-२५ अंशांचं असतं, आणि मे महिन्यात आपली खोली सहज ३५ ला असते. टीएमबी (रंग देणारं द्रावण) भराभर निळं होतं, प्लेटच्या कडेच्या वेल (खळगे) सुकतात. प्लेटला सीलर लावा, पंख्याखाली ठेवू नका, एसी नसेल तर सकाळीच उरका. स्टँडर्ड प्रत्येक प्लेटवर नव्याने लावायचे, कालचा कर्व्ह आज चालत नाही. रंग मोजणारा रीडर इन्व्हर्टरवर आहे ना, तेही बघा. रंग वाढणं थांबवणारं स्टॉप सोल्यूशन टाकल्यावर लाइट गेली तर प्लेट गेलीच समजा.

खरी काळजी मला वेगळीच वाटते: तुमच्या किटमधली अँटिबॉडी मोनोक्लोनल (प्रोटीनचा एकच ठरावीक भाग ओळखणारी) आहे की पॉलिक्लोनल (अनेक भाग ओळखणारी)? या प्रोटीनचे जीसी१एफ, जीसी१एस आणि जीसी२ असे तीन मुख्य प्रकार माणसांत आढळतात. २०१३ साली न्यू इंग्लंड जर्नल या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासात कृष्णवर्णीय अमेरिकनांमध्ये हे प्रोटीन बरंच कमी दिसलं होतं. त्यांनी मोनोक्लोनल किट वापरलं होतं. पुढे पॉलिक्लोनल किटने आणि मास स्पेक्ट्रोमेट्रीने (रेणूंच्या वस्तुमानावरून ओळखायच्या पद्धतीने) मोजल्यावर तो फरक जवळपास उरलाच नाही, कारण आधीची मोनोक्लोनल अँटिबॉडी जीसी१एफ कमी पकडत होती आणि त्या लोकांत नेमका तोच प्रकार जास्त. तुम्हाला दोन गटांची तुलना करायची असेल, किंवा या आकड्यावरून फ्री (प्रोटीनला न चिकटलेलं) व्हिटॅमिन डी काढायचं असेल, आणि किट तसंच मोनोक्लोनल असेल, तर हीच चूक तुमच्या उत्तरातही उतरेल.

नमुन्यांत गरोदर बायका असतील तर त्यांचा गट वेगळा ठेवा, त्यांच्यात हे प्रोटीन वाढलेलंच असतं. लिव्हरच्या रुग्णांत उलट, कमी.

दोन्ही डायल्यूशनचे आकडे आणि किटच्या कागदावरची अँटिबॉडीची ओळ पाठवा, मग पुढचं बोलू.