टीव्हीला रिसेट मारू का?

प्रश्न: आमचा ४३ इंची अँड्रॉइड टीव्ही पाच वर्षांचा झालाय. यूट्यूब उघडायला सांगितलं की चहा होतो पण यूट्यूब येत नाही, वर 'स्टोरेज फुल' असं सारखं येतं. मेकॅनिक म्हणतो फॅक्टरी रिसेट मारावा लागेल, ५०० रुपये. सासूबाईंना भीती की त्यांचे चॅनल जातील. काय करू?
- एक वाचक, ऐरोली

उत्तर: ताई, रिसेट घरच्या घरी फुकट होतो, ५०० रुपये राहू देत. पण आधी दोन गोष्टी करून बघा. तुम्ही रिमोटने टीव्ही बंद करता तेव्हा तो नुसता झोपतो, खरा बंद होत नाही, म्हणजे महिनोन् महिने तो रीस्टार्टच झालेला नसतो. भिंतीवरचं बटण बंद करा, दोन मिनिटं थांबा, मग चालू करा. दुसरं म्हणजे जागा. त्या काळच्या बऱ्याच टीव्हीत स्टोरेज ८ जीबीच असायचं आणि त्यातलं बरंचसं अँड्रॉइड स्वतःच खातं, त्यामुळे भाच्याने सुट्टीत टाकलेले दोन गेम पण त्याला जड होतात. सेटिंग्जमध्ये अ‍ॅप्समध्ये जाऊन नको ते काढा, बाकीच्यांचं 'क्लिअर कॅश' करा. 'क्लिअर डेटा' दाबलंत तर त्या अ‍ॅपमधलं लॉगिन जाईल एवढं लक्षात ठेवा.

एवढं करून पण रडतोय तर मग रिसेट. सासूबाईंना सांगा, सेट टॉप बॉक्स वेगळा आहे, त्यातलं एकही चॅनल हलत नाही, फक्त नंतर एचडीएमआय इनपुट निवडून द्यायला लागेल. ओटीटीचे भरलेले पैसेही जात नाहीत, ते तुमच्या अकाउंटवर असतात. जातं काय, तर अ‍ॅप्स, वायफाय, लॉगिन आणि पिक्चर-साउंडची सेटिंग. म्हणून आधी सगळे ईमेल आणि पासवर्ड कागदावर लिहा. मी लिहिले नव्हते, आणि मग रिमोटच्या बाणांनी एकेक अक्षर निवडत मोठा पासवर्ड तीन वेळा टाकला, शेवटी कळलं की पहिलं अक्षर कॅपिटल होतं 😅

आता रस्ता. गूगल टीव्हीवाल्यांना सेटिंग्ज, सिस्टिम, अबाउट, तिथे रिसेट. जुन्या अँड्रॉइडवर 'डिव्हाइस प्रेफरन्सेस'मध्ये सापडेल. शेजारणीचा सॅमसंग असेल तर तो पिन मागतो, कधी बदलला नसेल तर ०००० टाका. मध्येच टीव्ही आपोआप बंद होऊन चालू होतो, स्क्रीन काळी राहते, घाबरून स्विच बंद करायचा नाही! लाईट ये-जा करत असेल त्या दिवशी हे काम काढूच नका. नंतर जेवढी अ‍ॅप लागतात तेवढीच टाका, नाहीतर महिन्याभरात परत तेच. आणि रिसेटने अँड्रॉइड जुन्या व्हर्जनला जात नाही की रॅम वाढत नाही, पाच वर्षांचा टीव्ही पाच वर्षांचाच राहणार.

प्रश्न: स्क्रीन फुटली, काहीच दिसत नाही, टीव्ही भंगारात द्यायचाय. आतली लॉगिनं कशी काढू?
- एक वाचक, घोडबंदर रोड, ठाणे

उत्तर: टीव्हीला हात लावायची गरजच नाही, फोनवरून होतं. गूगल अकाउंटच्या सिक्युरिटीमध्ये 'युवर डिव्हाइसेस' आहे, तिथे टीव्ही शोधून साइन आउट करा. नेटफ्लिक्सच्या अकाउंट सेटिंगमध्ये सगळ्या डिव्हाइसवरून साइन आउट करायची सोय आहे, ती दाबली की घरातल्या सगळ्यांचे फोन पण बाहेर फेकले जातील, तेव्हा मुलगी वेब सिरीज बघत असेल तर तिला आधी सांगून ठेवा. मग द्या बिनधास्त. पेनड्राइव्ह मात्र मागे खोचलेला राहतो, तो काढून घ्या.