प्लेसमेंट घेण्याआधी सुपरवायझर कोण ते विचार

नौपाडा, ठाणे

प्रिय,

अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. समुपदेशनाच्या प्लेसमेंटसाठी दोन ठिकाणांहून होकार आलाय, कॉलेजचा ओजेटीचा, म्हणजे प्रत्यक्ष कामातून शिकण्याच्या प्रशिक्षणाचा, फॉर्म लवकर द्यायचा आहे, म्हणून तुझी घाई चालली आहे. एकीकडे मोठं रुग्णालय, लेटरहेडवर सर्टिफिकेट आणि ओपीडीत डॉक्टरांच्या मागे एक खुर्ची. दुसरीकडे तुर्भ्यातल्या एका शाळेत चालणारं छोटं समुपदेशन केंद्र, जिथे थोड्याच दिवसांत मुलं आणि पालक थेट तुझ्यासमोर बसणार. बायोडेटात कुठलं जास्त वजनदार दिसेल, असं तू विचारलंस. मला मात्र आधी एवढंच कळायला हवं आहे, की या दोन्हींपैकी कुठे तुझं काम दर आठवड्याला कोणी नीट ऐकून घेणार आहे?

समोर बसलेली आई रडायला लागली की आपण पाण्याचा ग्लास पुढे करतो, ‘होईल सगळं ठीक’ म्हणतो, मुलाच्या मार्कांकडे विषय वळवतो. आपल्याला वाटतं, आपण धीर दिला. पण ते संभाषण दुसऱ्या कोणी ऐकलं तर त्याला लगेच कळतं, की तिचं रडणं आपल्यालाच सोसवलं नव्हतं. वर्गात कितीही शिकलं तरी हे स्वतःचं स्वतःला दिसत नाही. दाखवायला दुसरा माणूस लागतो, आणि तो अनुभवी व मायाळू असावा लागतो. तोच सुपरवायझर, आणि त्याने आपलं काम असं नियमित ऐकून तपासणं म्हणजे सुपरव्हिजन.

ब्रिटनमध्ये बीएसीपी ही समुपदेशकांची संघटना मान्यताप्राप्त अभ्यासक्रमांसाठी सुपरव्हिजनखालचं किमान १०० तास प्रत्यक्ष काम मागते. पुढे मुरलेल्या समुपदेशकांचंही सुपरव्हिजन सुटत नाही. आपल्याकडे क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी आरसीआयकडे, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेकडे, होते, पण समुपदेशकांचं नाव कायद्याच्या यादीत आलं तेच मुळी उशिरा, २०२१ च्या अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्स कायद्याने. त्यामुळे पैसे घेऊन ऑनलाइन लेक्चरं दाखवायची आणि त्याला इंटर्नशिप म्हणायचं, हे सर्रास चालतं. तशा ठिकाणी एकही क्लायंट न भेटता तास भरतात. मला त्याचा मनापासून राग येतो, कारण त्या सर्टिफिकेटवर विसंबून उद्या कोणी तरी आपलं दुःख घेऊन येणार असतं.

म्हणून फोन करशील तेव्हा स्पष्ट विचार. सुपरव्हिजन कोण करणार, त्यांचं स्वतःचं शिक्षण काय, त्यांनी स्वतः क्लायंट पाहिले आहेत का? आठवड्यातला कुठला वार, किती वेळ? ‘अडचण आली की विचारा’ हे उत्तर मान्य करू नकोस. नवख्या माणसाला अडचण आली आहे हेच अनेकदा कळत नाही. खोलीचं दार बंद होतं का, नोंदी कुलपात राहतात का, हेही बघ. शाळांमध्ये लायब्ररीच्या कोपऱ्यात टेबल टाकून देतात आणि शिपाई दर पाच मिनिटांनी रजिस्टर घ्यायला येतो. तिथे कुठलं मूल तोंड उघडेल?

सुपरव्हिजनला जाताना चांगली झालेली केस मिरवायला नेऊ नकोस. जिथे तुला काय बोलावं सुचलं नाही, जिथे घड्याळाकडे नजर गेली, ती पाच मिनिटं ने. १९४० च्या सुमारास कार्ल रॉजर्स या मानसशास्त्रज्ञाने अमेरिकेत सेशन्स तबकड्यांवर ध्वनिमुद्रित करायला सुरुवात केली. दर काही मिनिटांनी तबकडी बदलावी लागे, तरी त्याने ते केलं आणि १९४२ मध्ये एक अख्खी केस शब्दन्‌शब्द छापली. समुपदेशक बंद दाराआड प्रत्यक्षात काय बोलतो, हे तेव्हा लोकांना वाचायला मिळालं. तुझ्या खिशात फोन आहे, पण क्लायंटची लेखी संमती नसेल तर तो बंद ठेव. मुलांच्या बाबतीत पालकांची संमतीही हवी. ती नसेल तर सेशन संपल्यावर लगेच बसून आठवेल तसं लिहून काढ. तिने काय म्हटलं, मी काय म्हटलं, आणि शेजारी तिसऱ्या रकान्यात, त्या क्षणी माझ्या मनात काय चाललं होतं. हा तिसरा रकाना लिहायला जड जातो, पण खरं शिक्षण त्यातच आहे.

शाळेत काम करणार आहेस म्हणून एक गोष्ट आधीच सांगते. कुठलंही मूल ‘तुम्ही कोणाला सांगणार नाही ना?’ असं विचारेल, तेव्हा ‘नाही सांगणार’ असं वचन कधी देऊ नकोस. २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, किंवा होण्याची भीती वाटली, तरी पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. शिकाऊ म्हणून तुला सूट नाही. पहिल्याच भेटीत मुलाला कळेल अशा भाषेत सांगायचं, ‘तू बोलशील ते माझ्याजवळ राहील, पण तुला कोणी इजा करत असेल किंवा तूच स्वतःला इजा करणार असशील, तर तुला सुरक्षित ठेवायला मला मोठ्यांची मदत घ्यावी लागेल.’ हे वाक्य मोठ्याने म्हणून सराव कर. आयत्या वेळी घसा कोरडा पडतो.

आत्महत्येबद्दलही तसंच. शंका आली तर सरळ विचार, ‘जीव द्यावा असं मनात येतं का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट कोणी तरी विचारलं म्हणून माणूस मोकळा होतो. उत्तर ‘हो’ आलं तर त्याला एकटं सोडायचं नाही आणि त्याच क्षणी सुपरवायझरला फोन करायचा. तो नंबर पहिल्या दिवशीच घेऊन ठेव, सुटीच्या दिवशी कोण उचलणार तेही विचार. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ आणि मुलांच्या हेल्पलाइनचा १०९८ हे दोन्ही नंबर पाठ असू देत. अशा केसचं ओझं तू एकटीने घरी न्यायचं नाहीस. सुपरवायझर असतो तो यासाठीही.

ठाण्याहून तुर्भ्याला ट्रान्सहार्बरने जाशील. गाडीत मैत्रिणीशीसुद्धा केसबद्दल बोलू नकोस, नाव न घेताही नाही. माथाडी कामगाराचा मुलगा, आठवीत, वडील पितात, एवढ्यावरून शेजारच्या बाईला घर ओळखता येतं. क्लायंट ओळखीच्यातला निघाला तर ती केस तू घेऊ नयेस, तसं सुपरवायझरला लगेच सांग.

रुग्णालयाला मी नाही म्हणत नाही. भास होणारा, संशयाने ग्रासलेला माणूस प्रत्यक्ष पाहिलेला असला तरच कोणाला डॉक्टरांकडे पाठवायचं ते कळतं. ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ पासून उभं आहे. अशा ठिकाणी काही दिवस निरीक्षणाला जाच, पण पुढच्या सत्रात जा. नुसतं मागे बसून बघण्यात तुझे ओजेटीचे सगळे तास घालवू नकोस. आता तुला बोलायची आणि कोणाकडून तपासून घ्यायची गरज आहे.

तुर्भ्याच्या केंद्रातल्या बाई दर गुरुवारी एक तास देतात असं तू लिहिलं आहेस. तो तास फक्त तुझा की सहा जणींत मिळून, हे विचारायचं राहिलंय. गटात असेल तरी चालेल, पण तुझी केस किमान पंधरा दिवसांतून एकदा यायला हवी. सोमवारी फोन करून एवढं पक्कं कर आणि मगच फॉर्म भर.

कळावे.