पाचातली तिसरी

प्रश्न : मी भुसावळला रेल्वेत गार्ड होतो, आता निवृत्त आहे. आम्ही मूळचे अमळनेर तालुक्यातले. मुलगा इंजिनिअर, वय २४, पुण्यात आयटी कंपनीत आहे. टीममध्ये चेन्नई-कोचीची मुलं आणि जर्मनीतले सीनियर. वर्षाच्या रिव्ह्यूमध्ये 'काम चांगलं, पण टीममध्ये मिसळत नाही' असा शेरा आला. म्हणून मी त्याला रोज पाच जणांशी बोलायचं टार्गेट दिलं, इंग्रजी वाक्यं पाठ करायला दिली. रात्री फोनवर हिशोब घेतो. उच्चार बिघडू नयेत म्हणून आजीशी अहिराणीत बोलणंही बंद करायला लावलं. तरी परवा त्याने मदुराईच्या एका मुलीला 'वीकेंड कसा गेला?' विचारलं, ती म्हणाली आजी वारली, आणि हा 'नाइस' म्हणून पुढे गेला! १८,००० रुपयांचा स्पोकन इंग्लिशचा क्लास लावू, की नोकरी सोडून एमपीएससी करायला सांगू? आमच्या वेळी असं नव्हतं. माझ्या एका तमिळ ड्रायव्हर मित्राकडून तिरुचीहून अजून दिवाळीला मुरुक्कूचा डबा येतो.

उत्तर :

भाऊसाहेब, त्या 'नाइस'पाशी मी बराच वेळ अडकलो. इंग्रजी कच्चं असल्याचा पुरावा म्हणून तुम्ही ते लिहिलंत. पण चार वर्षं इंग्रजीतून इंजिनिअरिंग केलेल्या मुलाला 'ग्रँडमदर' गेल्याचं कळलं नसेल, हे मला पटत नाही. त्याने ते ऐकलंच नाही. ऐकणार कसा? त्याच्या लेखी ती पाचातली तिसरी होती. अजून दोघं बाकी होते, आणि रात्री बापाला आकडा द्यायचा होता.

स्पष्ट लिहितो, राग मानू नका. मुलापेक्षा मला तुमच्या रात्रीच्या फोनची काळजी वाटते. माणसाशी बोलणं ही हजेरी झाली की समोरच्याला ते लगेच कळतं. तुम्हीच आठवा, डीआरएमच्या, म्हणजे विभागाच्या मोठ्या साहेबांच्या, ऑफिसातून कुणी फक्त रजिस्टर भरायला चौकशी करायचा, तेव्हा तुम्ही कितपत मोकळं बोलायचात? आणि आजीशी अहिराणी बंद, हे तर मला अजिबात कळलं नाही. अहिराणीने इंग्रजी उच्चार बिघडत नाहीत. मात्र रोज फोनवर 'जेवन व्हयनं का?' म्हणणारं घरातलं एक माणूस तुम्ही त्याच्यापासून तोडलंत. चेन्नईत 'साप्टाच्चा?' विचारतात, त्याचा अर्थही तोच, जेवण झालं का. त्या मुलीशी बोलायला याच्याकडे खरं म्हणजे एकच विषय होता, आजी. नेमका तोच तुम्ही बंद करून ठेवलात.

आता गैरसमजाचं बघू. परप्रांतीय, परदेशी सहकाऱ्यांशी जवळीक म्हणजे फाडफाड इंग्रजी, असं आपल्याकडे जळगावपासून नंदुरबारपर्यंत सगळ्यांना वाटतं. अहो, त्या टीममध्ये इंग्रजी कुणाचीच मायबोली नाही. तमिळ, मल्याळी, जर्मन, सगळे शिकूनच बोलतात, आणि आपलं चुकेल का ही धाकधूक त्यांनाही असते. अडतं ते दुसऱ्याची रीत माहीत नसते म्हणून. तमिळ माणसं बहुधा आडनाव लावत नाहीत. नावापुढचं इनिशियल वडिलांच्या नावाचं असतं. ते आडनाव समजून हाक मारली तर आपण त्याच्या वडिलांना हाक मारतो. जर्मनीत वाढदिवस ज्याचा, केक त्यानेच आणायचा, आणि आगाऊ शुभेच्छा देणं तिकडे अशुभ मानतात. जर्मन भाषेत आपल्यासारखंच 'तू' आणि 'तुम्ही' आहे, 'डू' आणि 'झी'. कामातली चूक ते सहसा तोंडावर सांगतात, त्यात वैर नसतं. आपला पोरगा मात्र 'हे चुकलंय' ऐकून आठवडाभर गप्प बसतो, आणि त्यांना वाटतं, हा रुसला का? काम संपल्यानंतरच्या वेळेला त्यांच्याकडे 'फायरआबेंड' असा खास शब्द आहे. त्या वेळेत कामाचा फोन केलेला त्यांना आवडत नाही, मग तो कितीही गोड इंग्रजीत असो. ही माहिती कोणत्याही क्लासात मिळत नाही. 'तुमच्याकडे हे कसं करतात?' असं विचारलं की मिळते, आणि विचारलेलं लोकांना आवडतं.

क्लासचे पैसे भरले नसतील तर भरू नका. एमपीएससी, गेट, एमबीए या वाटा आहेतच, त्या त्याला हव्या असतील तर त्याने मला वेगळं पत्र लिहावं. पण माणसांची धास्ती वाटते म्हणून एमपीएससी? तहसील कचेरीच्या दारात एकदा सकाळी अकराला उभं राहून बघा.

रेल्वेने २०२२ मध्ये गार्डचं नाव 'ट्रेन मॅनेजर' केलं. तुम्ही अजून गार्डच लिहिता, बरं वाटलं. तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची ओळ शेवटची आहे, आणि ती तुम्ही तक्रारीच्या ओघात लिहून गेलात. तिरुचीचा तो ड्रायव्हर तुमचा मित्र कसा झाला? पाचाच्या टार्गेटमधून नक्कीच नाही. इटारसीच्या नाहीतर खांडव्याच्या रनिंग रूममध्ये, म्हणजे गार्ड-ड्रायव्हरांच्या विश्रांतीच्या खोलीत, परतीच्या गाडीची वाट बघत दोघं बसले असाल. तुमच्याकडे भाकरी-ठेचा, त्याच्याकडे लिंबूभात, दोघांची हिंदी मोडकी. मग कधीतरी एकाच्या घरचं दुखणं निघालं असेल, आणि दुसऱ्याने पुढच्या खेपेला आठवणीने विचारलं असेल, 'अब कैसे हैं?' तुमच्या मुलाला हा किस्सा माहीत आहे का? रात्रीच्या हिशोबात त्याला कुठे जागा मिळणार?

त्याच्या नोकरीतली रनिंग रूम म्हणजे कँटीन आणि मीटिंग सुरू व्हायच्या आधीची दोन-चार मिनिटं. सगळ्यांशी बोलायची गरज नाही. एकाशी नीट बोललं तरी पुरे, आणि काही दिवस नाही बोललं तरी चालेल. थंडीत घरी आला की जाताना भरताची वांगी आणि कळण्याचं पीठ द्या. खोलीवर दोघा-तिघांना बोलावू दे. भरीत बिघडलं तर आणखी उत्तम, चौघं मिळून हसतील.

मदुराईच्या मुलीचं राहिलं. तिला त्याने या आठवड्यातच सांगावं, जसं जमेल तसं, अडखळत: त्या दिवशी माझं लक्ष नव्हतं, मी चुकीचं बोललो, तुझ्या आजीबद्दल ऐकून वाईट वाटलं. नंतर तिला बोलावंसं वाटलं तर ऐकावं. स्वतःच्या आजीची गोष्ट तिने विचारली तरच सांगावी, आपलं दुःख तिच्या दुःखावर रचू नये. आणि ती काही बोलली नाही, तर त्याने विषय तिथेच सोडावा.

तुम्ही महिनाभर रात्रीचा फोन करू नका. त्या वेळेला त्याला आजीला फोन करू द्या, अहिराणीत. आणि मला एक सांगा, तिरुचीचा डबा तुम्ही परत पाठवता तेव्हा त्यात काय भरता? आपल्याकडे डबा रिकामा परत देत नाहीत, म्हणून विचारतो. यंदाचा डबा मुलाला भरू द्या, आणि पोचल्याचा फोन त्यालाच घेऊ द्या.