40 दिवसांची सुट्टी कुणाकुणाची?

प्रिय ताई,

माझे मिस्टर सैन्यात हवालदार आहेत. सध्या लडाखला, फिल्डमध्ये. गणपतीच्या तोंडावर 40 दिवसांच्या सुट्टीवर आले आणि दसरा करून गेले. दहा महिने मी या सुट्टीकडे डोळे लावून बसले होते, आणि ती कशी गेली ते सांगायलाही लाज वाटते.

आल्या दिवसापासून घरात माणसांची रीघ. मग जमिनीची मोजणी, दिरांच्या घराचा स्लॅब, नणंदेकडचं बारसं, मित्रांच्या पार्ट्या. प्रत्येकाला कॅन्टीनची बाटली हवी. धाकटा पाच वर्षांचा आहे. तो त्यांच्याजवळ जाईना, आजीच्या पदराआड लपायचा. आठवड्याने मला कानात विचारतो, "हे किती दिवस राहणार?" ते नेमकं त्यांनी ऐकलं. मोठी चौथीत आहे. तिच्यावर ते ओरडायचे, परेडला उभं केल्यासारखे. रात्री दोन-दोनला उठून अंगणात फेऱ्या मारायचे. एकदा मला न विचारता मुलीची शिकवणी बंद केली आणि वर म्हणाले, "मी नसताना या घरात काय चाललंय?" मी बोलून गेले, "तुम्ही नसताना सगळं नीट चालतं." त्यानंतर दोन दिवस ते बोलले नाहीत.

जायच्या दिवशी मुलं रडायला नकोत म्हणून पहाटे, ती झोपेत असतानाच निघाले. एसटी वळणाआड गेली आणि माझ्या मनात आलं, सुटले एकदाची. मग घरी येऊन खूप रडले. चैत्रात गावच्या जत्रेला 20 दिवस मिळतील असं म्हणतात. पुन्हा असंच होणार का?

एका फौजीची बायको, सातारा जिल्हा

---

ताई म्हणालीस, तर मी अगं-तुगंच करते.

आधी ते 'सुटले एकदाची' बाजूला करू, कारण तेच तुला सगळ्यात जास्त टोचतंय. 40 दिवस येणाऱ्या-जाणाऱ्याचा चहा आणि दिवसाआड मटणाचा रस्सा करणाऱ्या बाईला तो राबता थांबल्यावर हायसं वाटणारच. त्यावरून नवऱ्यावरची माया मोजत बसू नकोस. दोन्ही खरं असतं, आणि घरी येऊन रडलीस तेही खरंच होतं.

आता सुट्टीचं. सैन्यात वर्षाला 60 दिवसांची वार्षिक आणि 30 दिवसांची नैमित्तिक रजा असते. ऐकणाऱ्याला वाटतं, तीन महिने, मजाच आहे! पण युनिटमधले सगळे एकदम सुटत नाहीत, पाळीपाळीने सोडतात. गणपती, दिवाळी आणि मे महिना सगळ्यांनाच हवा असतो. हिवाळ्यात लडाखच्या वाटेवरची झोजिला खिंड बंद झाली की विमानाशिवाय वाट नाही, आणि हवा बिघडली की विमानही नाही. म्हणजे हातात पडणारे दिवस आधीच मोजके. त्यावर गाव, भावकी, मित्रमंडळ आणि तलाठी ऑफिस असे सगळे हक्क सांगतात. आपला सातारा जिल्हा फौजींचा. अपशिंग्यासारख्या गावाच्या नावामागे 'मिलिटरी' लागतं, आणि त्याचा आपल्याला अभिमानही आहे. पण सुट्टीवरचा जवान ही सार्वजनिक मालमत्ता आहे असं याच अभिमानी गावांना वाटतं, हेही कुणीतरी बोललं पाहिजे. शाळेला भाषण हवं, मंडळाला आरतीचा मान द्यायचा असतो, आणि बाटलीचं तर तू लिहिलंच आहेस. त्या बाटलीला नाही म्हणायची जबाबदारी मात्र तुझ्या मिस्टरांची. तू वाईटपणा घेऊ नकोस.

सासूबाईंबद्दल तू फार काही लिहिलं नाहीस, पण ओळींच्या मधे त्या आहेतच. त्यांचाही तो मुलगा आहे. त्यांनाही दहा महिने झोप लागलेली नसते, फक्त ते त्या तुला सांगणार नाहीत. तेव्हा त्यांच्या वाट्याचे दिवस कापून स्वतःचे वाढवायचा बेत करू नकोस. कापायचेच तर मोजणीचे आणि स्लॅबचे काप. दिराच्या घराचा स्लॅब फौजी भावाच्या सुट्टीतच का पडतो, हे दिराला एकदा हसत हसत विचारायला हरकत नाही.

एक गोष्ट मात्र कुणीच तुझ्या मिस्टरांना दिली नाही. लेह साडेअकरा हजार फुटांवर आहे. तिथे पोचलेल्या जवानाला लष्कर लगेच कामाला लावत नाही. पहिले सहा दिवस शरीराला तिथल्या हवेची सवय करून देतात, त्यातले पहिले दोन तर निव्वळ विश्रांतीचे. हा नियम मोडला तर माणूस जिवाला मुकू शकतो, म्हणून तिथे कुणाची भीडभाड चालत नाही. महिनाभर खाली राहून सुट्टीवरून परतलेल्यालाही ते चुकत नाही. वर चढताना सहा दिवस, आणि घरी उतरताना? एसटीतून उतरल्यावर तासाभरात हार, पेढे आणि पंचवीस माणसं. रात्री दोनला पहाऱ्यावर उभं राहायची सवय लागलेलं शरीर अंगणात फेऱ्या मारणार नाही तर काय करणार?

तेव्हा चैत्रात पहिले तीन दिवस घरात कुणीही येणार नाही, हे आत्ताच ठरव. वीसातले तीन. गावात ही गोष्ट सासूबाईंच्या तोंडून गेली तर टिकेल, तुझ्या तोंडून गेली तर 'सून माणसं तोडते' होईल. म्हणून आधी त्यांना आपल्या बाजूला घे. त्या तीन दिवसांत मिस्टरांना झोपू दे, पाहिजे तेव्हा उठू दे, काही विचारू नकोस.

याला एक अपवाद. झोप सुट्टीभर लागलीच नाही, पिणं वाढत गेलं, दचकणं किंवा संताप आवरेना झाला, किंवा हात उठला, तर तो प्रवासाचा शिणवटा म्हणून सोडून द्यायचा नाही. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. फौजी आणि त्यांच्या घरच्यांसाठी 2023 च्या डिसेंबरात पुण्याच्या एएफएमसीत, म्हणजे सैन्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात, त्याचा वेगळा कक्षही सुरू झाला. फोन तूही करू शकतेस, ते तयार नसले तरी. आणि हात उठला तर आधी मुलांना घेऊन सुरक्षित जागी जायचं, बाकीचं नंतर.

आता तुझ्या त्या वाक्याकडे येते. "तुम्ही नसताना सगळं नीट चालतं." हे त्यांना लागलं ते खोटं होतं म्हणून नाही. ते खरं आहे, आणि त्यांना ते आधीपासून ठाऊक होतं. तिकडे त्यांच्या शब्दावर माणसं उठतात-बसतात. इथे आल्यावर डाळीचा डबा कुठे आहे हेही विचारावं लागतं. पोरगा विचारतो, हे किती दिवस राहणार. अशा वेळी माणूस एकतर पाहुणा होतो नाहीतर साहेब होतो, आणि तुझ्याकडे आलटून पालटून दोन्ही झालं. तूही त्यात भर घातलीस. दहा महिने थकलेलं प्रेम तू ताटात वाढत राहिलीस, आणि घरातलं एकही काम त्यांच्या हातात दिलं नाहीस. दिलं असतंस तरी सासूबाईंनी काढून घेतलं असतं, हेही मला कळतं. 'दमून आलाय गं तो.'

काम दे. सहलीला जा, महाबळेश्वरला जा असं मी सांगणार नाही, त्याने फोटो येतात. धाकट्याची अंघोळ रोज पप्पा घालणार. डोळ्यात साबण जाईल, पोरगं बोंबलेल, तू मधे पडू नकोस. मोठीला शाळेत सोडणं त्यांच्याकडे, रोज, पायी. नवऱ्याला गिरणीत पाठव, तिथे हवालदारसाहेबांना कुणी सलाम ठोकत नाही, नंबर लावावा लागतो. आणि मुलाला 'पप्पांना पापी दे' असं म्हणायचं बंद कर, घरात सगळ्यांनीच. पाच वर्षांच्या पोराने अर्धं आयुष्य ज्याला फोनच्या चौकटीत पाहिलं, तो एकदम दारातून आत आल्यावर ते लपणारच. ते जवळ येईल, पण स्वतःच्या पायांनी. त्यांनी फक्त जमिनीवर बसून काहीतरी दुरुस्त करत राहावं. सायकलची चेन, तुटलेला पंखा, काहीही. पोरं पान्ह्याच्या आवाजाला येतात.

उलट बाजूही तितकीच पक्की ठेव. शिकवणी बंद करण्यासारखे निर्णय सुट्टीत एकट्याने व्हायचे नाहीत. कारण ते निभवायला मागे तू असतेस. हे भांडणात सांगू नकोस, आत्ता, ते तिकडे असताना फोनवर सांग: "मुलीच्या शाळेचं आपण दोघं मिळून ठरवू, मला एकटीला भार होतो." खरंही तेच आहे, आणि त्यात त्यांना जागा आहे.

फोनचं म्हणशील तर, तुमचंही बोलणं 'जेवलास का, हो, अभ्यास केलास का, हो' एवढ्यावरच संपत असणार. पोरांना असल्या प्रश्नांचा कंटाळा येतो. दिवसभरात मिस्टरांना बारीकसारीक कळवत जा: दात पडला, मांजरीला पिल्लं झाली, वर्गात अमक्याने ढकललं. नेटवर्क येईल तेव्हा मेसेज पोचतील. मग ते विचारतील, "दात कुठे टाकलास, कौलांवर का?" बघ पोरगं किती बोलतं. आणि चित्रं पाठव, कागदावरची, पोस्टाने. एपीओच्या, म्हणजे फौजी टपालाच्या, पत्त्यावरचं पाकीट उशिरा का होईना पोचतं, आणि बंकरच्या भिंतीला फोन चिकटवता येत नाही.

पहाटे पोरं झोपेत असताना निघून जाणं मात्र पुन्हा करू नका. यात मी जराही सूट देणार नाही. रडू वाचवायला म्हणून करतात सगळे, पण सकाळी उठल्यावर माणूस गायब झालेला बघणारं पोर पुढच्या सुट्टीत जवळ यायला आणखी कचरतं. झोपताना त्याला शाश्वती वाटत नाही. जायची तारीख आल्या दिवशीच सांगा, कॅलेंडरवर गोल करा. निघताना उठवा. रडतील. रडू देत.

कागदाचं एक काम या 20 दिवसांत बसवच, अर्धा दिवस पुरेल. धाकट्याच्या जन्माची नोंद त्यांच्या रेकॉर्डला चढली आहे का, म्हणजे 'पार्ट टू ऑर्डर' निघाली आहे का, ते विचार. बँकेच्या खात्याला आणि विम्याला वारस म्हणून कुणाचं नाव आहे तेही बघ. लग्नाआधीपासून आईचंच नाव राहून गेलंय, हे कित्येक घरांत फार उशिरा कळतं. विचारायला अवघड वाटेल. तरी विचार. अडलंच तर साताऱ्याला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे.

आणि शेवटचं, तुझ्यासाठी. या 20 दिवसांतले दोन दिवस तू एकटी माहेरी जा. पोरं, सासूबाई, दूधवाला, मोठीचा अभ्यास, सगळं त्यांच्या गळ्यात टाकून. तास-तासाला फोन करू नकोस. परत येशील तेव्हा मोरीत भांड्यांचा ढीग असेल आणि पोरांनी दोन्ही दिवस अंडाभुर्जीच खाल्ली असेल. त्यावर एक शब्द बोलू नकोस.